वालचंदांची मोटार आणि टोयोडांची मोटार

धुळे शहराबाहेर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्या चौफुलीवर घटकाभर उभे राहिले, तर देशातील वाहतुकीचे चित्रच डोळ्यांपुढून सरकते. लग्नाचे वऱ्हाड घेऊन निघालेली इनोव्हा, पुढाऱ्याच्या ताफ्यातील फॉर्च्युनर, एखाद्या शिक्षकाने कर्ज काढून घेतलेली मारुती-सुझुकी. जपानी नावे आता खानदेशातील आडगावालाही परकी राहिलेली नाहीत. जपानी मोटार वाटेत दगा देत नाही, दहा वर्षांनी विकली तरी चार पैसे हाती येतात, हा लोकांचा पक्का समज झाला आहे. महायुद्धापूर्वी याच जपानच्या मालाची ख्याती स्वस्त आणि तकलादू अशी होती, हे आजच्या तरुणाला सांगूनही पटणार नाही.

याच आग्रा रस्त्याने धुळ्याहून नाशिकच्या दिशेने निघाले की मालेगाव लागते आणि तिथून आत रावळगाव आहे. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांच्या बालपणात गोळ्या-चॉकलेटांच्या रूपाने गोडवा पेरणारे हे गाव. ज्या माणसाने या माळरानावर ऊस उभा केला, त्याच माणसाने भारतात मोटार घडविण्याचा ध्यास घेतला होता. वालचंद हिराचंद हे त्यांचे नाव. जपानमध्ये टोयोडा घराण्याने मोटारीच्या धंद्यात पाऊल टाकले, त्याच दशकात वालचंदांनीही ते टाकण्याची धडपड केली. एका प्रयत्नातून जगातील सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांपैकी एक उभी राहिली. दुसऱ्या प्रयत्नाची अखेरची खूण असलेली काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची निघून गेली. हे असे का झाले, याचा विचार वालचंदांच्या चरित्राच्या प्रकाशात करणे उद्बोधक ठरेल.

सोलापूरचा तरुण

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. घराणे मूळचे गुजरातमधील, दिगंबर जैन. परंतु सोलापुरात स्थिरावलेले आणि मराठी मुलुखाशी एकजीव झालेले. सावकारी आणि कापसाचा व्यापार हा घरचा पिढीजात व्यवसाय होता. मुलगा जन्मला आणि थोड्याच दिवसांत आई निवर्तली. पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करावेत आणि सुखाने आयुष्य काढावे, अशी सर्व अनुकूलता घरात असताना या तरुणाचे मन त्या गादीवर रमले नाही.

त्यांना वाट दाखविली ती लक्ष्मण बळवंत फाटक नावाच्या एका गृहस्थांनी. फाटक हे रेल्वेतील कारकून. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते, पण रेल्वेच्या कामांची इत्थंभूत माहिती होती. वालचंदांपाशी माहिती नव्हती, पण पत आणि हिंमत होती. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या वाढीव मार्गाचे छोटेसे कंत्राट घेतले. पुढे ज्यांनी जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने काढले, त्यांच्या कारकिर्दीचा पाया एका कारकुनाच्या अनुभवावर घातला गेला, ही गोष्ट नोकरदार वर्गाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कंत्राटदारीत वालचंद झपाट्याने वर चढले. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी पुरविणारी तानसाची जलवाहिनी, सिंधू आणि इरावती या महानद्यांवरील पूल अशी त्या काळी केवळ गोऱ्या कंपन्यांनाच झेपतील असे मानली जाणारी कामे त्यांच्या कंपन्यांनी पार पाडली. १९२६ साली निघालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही याच वाटचालीतील. महाराष्ट्रातील व्यापारी आणि कारखानदार यांना एकत्रित आवाज असावा म्हणून १९२७ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या मुळाशीही वालचंदच होते.

मात्र त्यांच्या वृत्तीचा खरा परिचय घडला तो समुद्रावर. पहिले महायुद्ध संपले, त्या वेळी हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील आणि परदेशी वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचे लॉयल्टी हे जहाज विकाऊ आहे, एवढे कळताच वालचंदांनी नरोत्तम मोरारजी प्रभृती सहकाऱ्यांसह ते विकत घेतले आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. त्या वर्षीच्या ५ एप्रिलला लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. जहाज जुने होते आणि त्याने कंपनीला फायदाही करून दिला नाही. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली, की नव्या कंपनीने चार दिवसांत गाशा गुंडाळावा. तिला विकत घेण्याचाही प्रस्ताव आला. तो फेटाळला गेला. पण १९२३ मध्ये किनाऱ्यावरील मर्यादित वाहतुकीवर समाधान मानणारा करार कंपनीला पत्करावा लागला. हा करार वालचंदांच्या मनाला कधीच रुचला नाही. १९२९ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या पदावर राहिले. परक्या सत्तेच्या छत्राखाली देशी उद्योगाला केवळ स्पर्धेशी नव्हे, तर राज्यकर्त्यांच्या इच्छेशीही झुंजावे लागते, हा धडा ते येथे शिकले.

रावळगावचे माळरान

१९२३ च्या सुमारास वालचंदांनी रावळगाव येथे सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन कसली, खडकाळ आणि उंचसखल माळच तो. शेतीतज्ज्ञांनी नाके मुरडावीत अशी ती जागा होती. ती सपाट करणे, पाण्याची सोय लावणे, खतांचे व वाणांचे प्रयोग करणे यात कित्येक वर्षे आणि अमाप पैसा गेला. अखेर तिथे ऊस झाला, १९३३ साली रावळगाव शुगर फार्म ही कंपनी उभी राहिली आणि पुढे १९४० च्या दशकात गोळ्यांचा व्यवसाय सुरू झाला. याच सुमारास इंदापूर तालुक्यातील कळंब येथेही त्यांनी ऊसमळे आणि साखर कारखाना उभारला. त्या गावाचे आज वालचंदनगर झाले आहे.

रावळगावचा हा इतिहास मोटारीच्या गोष्टीत अप्रस्तुत नाही. पहिल्या काही वर्षांच्या तोट्याने न डगमगता, एका जागी पाय रोवून, चुका दुरुस्त करीत राहिले तर खडकातूनही उत्पन्न निघते, याचा अनुभव वालचंदांनी स्वतः घेतला होता. मोटारीच्या बाबतीत मात्र असे पाय रोवण्याची संधी त्यांना जवळजवळ मिळालीच नाही.

पांझरेकाठचा अभियंता

भारतात मोटारी घडविण्याच्या योजनेचा आरंभ ज्यांच्यापासून होतो, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचेही खानदेशशी जुने नाते आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेल्या या तरुण अभियंत्याच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक, पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती येथे नळाच्या साहाय्याने कालव्याचे पाणी ओढ्यापलीकडे नेण्याचे, हे होते. पावसापाण्यात ते काम तडीस नेणारा हा अभियंता पुढे म्हैसूरचा दिवाण झाला. पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी युरोप-अमेरिकेतील मोटार कारखाने पायाखाली घातले आणि १९३६ मध्ये मुंबईजवळ असा कारखाना काढण्याची सविस्तर योजना मांडली. ती योजना अमलात आणण्याचा भार वालचंदांनी खांद्यावर घेतला.

परिस्थिती अशी होती की अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९२८ पासूनच मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या विकण्यास आरंभ केला होता. जोडणी येथे, पण घडण तिकडे, असा हा व्यवहार. मोटारीचे इंजिन, गिअर, धुरा येथेच ओतले आणि कातले जावेत, असे विश्वेश्वरय्या-वालचंदांचे म्हणणे. १९३७ साली मुंबईत बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि भांडवलावरील व्याजाला हमी देण्यापर्यंत त्याने तयारी दाखविली. वालचंद अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी जुळले नाही, जनरल मोटर्सशीही जुळले नाही. क्रायस्लर कंपनी राजी झाली. एवढ्यात युरोपात युद्ध पेटले, १९३९ च्या अखेरीस प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि हमीही गेली.

मग सारा प्रश्न दिल्ली आणि लंडन येथील दप्तरांत जाऊन पडला. यंत्रे आणावयाची तर परवाना हवा, डॉलर हवेत, जहाजात जागा हवी, आणि तयार होणाऱ्या गाड्या सरकारने घ्याव्यात असे आश्वासन हवे. यांपैकी काहीही मिळाले नाही. मोटारीचा कारखाना हा युद्धाच्या गरजेचा भाग नाही, अशी सरकारची भूमिका राहिली. आणि त्याच युद्धासाठी हजारो लष्करी गाड्या समुद्रापलीकडून आणविण्यात आल्या. आपल्या बाजारपेठेत देशी प्रतिस्पर्धी उभा राहू नये, ही ब्रिटिश उद्योगांची इच्छा सरकारच्या नकारामागे होती, असा निष्कर्ष काढल्यास तो अन्यायाचा ठरणार नाही.

वालचंद स्वस्थ बसणारे नव्हते. अमेरिकेच्या त्याच प्रवासात विमान उद्योगातील एका अमेरिकन व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि विमाने बनविण्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. जपान युद्धात उतरताच सरकारला तिचे मोल कळले, आणि १९४२ मध्ये वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन सरकारने कारभार हाती घेतला. जी आज हिंदुस्थान एरॉनॉटिक्स म्हणून ओळखली जाते आणि जिचा लढाऊ विमानांचा कारखाना आग्रा रस्त्यावरील ओझर येथे आहे, तिचे मूळ हे. विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला १९४१ च्या जूनमध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली आणि तेथे बांधलेले जलउषा हे जहाज १९४८ च्या मार्चमध्ये जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे हा कारखानाही सरकारकडे गेला.

मोटारीसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये नोंदली गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडण्यास १९४७ साल उजाडले. योजना मांडल्यापासून अकरा वर्षे लोटली होती. तोवर बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही रिंगणात आली होती. १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. संपूर्णपणे येथे घडलेली मोटार पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते.

नागोयाजवळचा दुसरा उद्योग

आता जपानकडे वळू. तिथल्या मोटारीची गोष्टही कापसापासूनच सुरू होते, आणि खानदेशच्या वाचकाला त्यात स्वतःचा अंश दिसावा. हिंदुस्थानचा कापूस हा त्या काळी जपानी सूतगिरण्यांचा मोठा आधार होता. १८९३ मध्ये मुंबई आणि जपान यांच्यामध्ये आगबोटींची नियमित फेरी सुरू झाली, तीच मुळी या कापसाच्या जोरावर. १९३३ मध्ये कापडावरील जकातीच्या वादातून जपानी गिरणीवाल्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, तेव्हा त्याची झळ कापूस पिकविणाऱ्या मुलुखाला लागली आणि दुसऱ्या वर्षी उभय देशांना करार करावा लागला. त्याच सुताचे कापड विणणाऱ्या मागांत साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा सुधारणा करीत होता. १९२४ मध्ये त्याने सिद्ध केलेला स्वयंचलित माग सूत तुटताच आपोआप थांबे. त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे आणि एक कामगार अनेक माग सांभाळू शके. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाच्या हक्कांसाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्या देशाने जगाला यंत्रमाग दिला, त्यानेच आता जपान्याची विद्या विकत घेतली.

साकिची १९३० मध्ये वारले. त्यांचा अभियंता मुलगा किइचिरो याने १९३३ मध्ये नागोयाजवळील कारिया येथील मागांच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग उघडला. जपानची स्थिती हिंदुस्थानहून फार निराळी नव्हती. तेथेही फोर्ड आणि जनरल मोटर्स सुटे भाग जोडून गाड्या विकत होत्या आणि जवळजवळ सारी बाजारपेठ त्यांच्या हाती होती. भेद होता तो राज्यसत्तेचा. १९३६ मध्ये, म्हणजे विश्वेश्वरय्यांची योजना मुंबईत मांडली गेली त्याच वर्षी, जपान सरकारने मोटार उद्योगासाठी कायदा करून परवानाधारक देशी कंपन्यांना सवलती दिल्या आणि परक्या कंपन्यांची वाढ रोखली. १९३९ पर्यंत अमेरिकन कंपन्यांचे तेथील काम थांबले होते. १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी झाली. या कायद्यामागे लष्कराचा हात होता आणि त्या लष्कराने पुढे आशियात काय केले, हे सांगावयास नको. तरीही उद्योगाला बाल्यावस्थेत आधार मिळाला, हे सत्य उरतेच.

परंतु एवढ्यावर भागले असते तर टोयोटा ही आणखी एक सरकारपोषित कंपनी झाली असती. किइचिरोने परदेशी गाड्या खोलून त्यांचा अभ्यास केला, पण दुसऱ्याचा आराखडा परवान्याने घेऊन तोच गिरवीत बसण्याचे टाळले. पहिले ट्रक रस्त्यात बंद पडत. अशा वेळी कारखान्यातील माणसे जाऊन ते दुरुस्त करीत आणि बिघाडाचे कारण शोधून पुढच्या गाडीत बदल करीत. सूत तुटले की माग थांबवावा, हा वडिलांच्या मागाचा नियम मोटारीच्या कारखान्यात आला. दोष दिसताच काम थांबवावे, तो लपवून पुढे ढकलू नये आणि लागेल तो भाग लागेल तेव्हाच आणावा, ही कंपनीची रीत झाली. १९५० मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, कामगारकपातीवरून संप झाला आणि किइचिरोने जबाबदारी पत्करून राजीनामा दिला. मार्च १९५२ मध्ये त्याचे निधन झाले. वालचंदांच्या मृत्यूला त्यानंतर तेरा महिनेही लोटले नाहीत. दोघांनीही आपले रोप फळलेले पाहिले नाही.

कोरियातील युद्धामुळे अमेरिकन सैन्याकडून ट्रकांची मागणी आली आणि टोयोटा सावरली, यात दैवाचा वाटा आहेच. १९५७ मध्ये अमेरिकेत पाठविलेली तिची मोटार तिथल्या वेगवान रस्त्यांवर नापास झाली आणि कंपनीला ती मागे घ्यावी लागली. या नामुष्कीनंतर नवी इंजिने घडली आणि १९६० च्या दशकात त्याच बाजारात तिने पाय रोवले. २००९-१० मध्ये लाखो सदोष मोटारी परत बोलवाव्या लागल्या, तेव्हाही कंपनीच्या प्रमुखाला अमेरिकी संसदेच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली. विश्वासार्हतेची ख्याती ही एकदा मिळवून पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे. ती गाडीगणिक मिळवावी लागते.

संरक्षण मिळाले, कसोटी मिळाली नाही

स्वतंत्र भारताने वालचंदांच्या पश्चात त्यांचे एक मागणे पुरे केले. जोडणीपुरता धंदा करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे भाग घडवा किंवा निघा, असे सांगण्यात आले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत फोर्ड व जनरल मोटर्स येथून गेल्या. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला. १९६४ पासून जी गाडी कुर्ल्यात तयार होऊ लागली, तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. हळूहळू तिचे बहुतेक भाग देशातच बनू लागले. ही कामगिरी लहान नव्हती. पुण्या-मुंबईच्या परिसरातील सुट्या भागांच्या उद्योगाला अशाच गाड्यांनी पहिले गिऱ्हाईक दिले. डॉक्टर, वकील, अधिकारी यांच्या दारची ती शान होती, आणि मुंबईत टॅक्सी म्हटली की तीच डोळ्यांपुढे येई.

परंतु किती गाड्या काढावयाच्या हे सरकार ठरवी आणि पैसे भरून गिऱ्हाइकाने वर्षानुवर्षे वाट पाहावी, अशी स्थिती होती. गिऱ्हाईक रांगेत उभेच आहे म्हटल्यावर गाडी सुधारण्याची निकड कोणास वाटणार? आराखडा मुळात दुसऱ्याचा. त्यामुळे तो बदलण्याची विद्या कारखान्यात फारशी रुजलीच नाही. इटलीत १९६० च्या दशकातच बंद पडलेली गाडी येथे किरकोळ फेरफारांनिशी शतक संपेपर्यंत निघत राहिली. १४ डिसेंबर १९८३ रोजी सुझुकीच्या सहकार्याने तयार झालेली पहिली मारुती रस्त्यावर आली, आणि दीर्घ झोप मोडावी तसा सारा बाजार खडबडून जागा झाला. प्रीमियरने नवे परदेशी हात धरून पाहिले. पण वेळ निघून गेली होती.

याचा दोष वालचंदांकडे किती जातो? त्यांच्या चरित्रातील उणीव झाकण्याचे कारण नाही. ते मुळात कंत्राटदार होते. काम मिळविणे, माणसे आणि पैसा गोळा करणे, ठरल्या मुदतीत ते पुरे करणे यांत त्यांचा हातखंडा होता. एक उद्योग उभा राहतो न राहतो तोच त्यांचे मन दुसऱ्याकडे धावे. एकाच यंत्राशी पंचवीस वर्षे झटणाऱ्या कारागिराची चिकाटी ही वेगळी वृत्ती आहे. रस्ते, जहाजे, विमाने, साखर आणि मोटारी असा पसारा मांडणाऱ्या पुरुषाकडून ती अपेक्षिणे कदाचित रास्तही नाही. तथापि त्यांनी तीस वर्षे झगडून मागितले ते उद्योगाच्या कोवळ्या वयातील संरक्षण होते. मरेपर्यंतची गादी नव्हे. ज्या काळी आधार हवा होता, त्या काळी परक्या सरकारने तो नाकारला; आणि ज्या काळी कसोटी हवी होती, त्या काळी स्वकीय सरकारने ती टाळली. या दोन चुकांच्या कात्रीत वालचंदांची मोटार सापडली.

खानदेशाने काय घ्यावे

खानदेशातही कापसापासून उद्योगाकडे जाणारी वाट होती. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर गावे घड्याळे लावीत, तो काळ सरला. या गिरण्यांत माग चालविणारे कुशल हात होते. मागात सुधारणा करणारे कारखाने मात्र आजूबाजूला उभे राहिले नाहीत. कापूस गाठी बांधून बाहेर गेला, यंत्रे बाहेरून आली. टोयोडांच्या गावी जे घडले ते येथे घडले नाही, याचे कारण येथील माणसांची बुद्धी कमी पडली हे नव्हे. यंत्र बिघडले की ते का बिघडले असे विचारण्याची आणि ते उत्तर जपून ठेवण्याची व्यवस्था कमी पडली.

योगायोग असा की टोयोटा समूह १९९० च्या दशकात भारतात उत्पादनासाठी आला, तो प्रथम कापडयंत्रांच्या धंद्यात, आणि त्याचा सहकारी होता किर्लोस्करांचा मराठी उद्योगसमूह. मोटारीचा कारखाना त्यामागून कर्नाटकात आला. जुलै २०२४ मध्ये याच कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे नव्या मोठ्या प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी करार केला. अजिंठ्याचा घाट उतरला की जळगाव जिल्हा लागतो. तेव्हा या प्रकल्पाकडे खानदेशच्या तरुणांचे डोळे लागणे स्वाभाविक आहे. चाकण आणि सातपूरच्या कारखान्यांत येथील कितीतरी मुले आधीच राबत आहेत. प्रश्न एवढाच की त्यांनी केवळ जोडणीच्या रांगेत उभे राहावयाचे, की भाग घडविणारे छोटे कारखाने जळगाव आणि धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत काढावयाचे.

हे शासनाच्या एका घोषणेने होणार नाही. त्यासाठी तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांतील यंत्रे चालू असली पाहिजेत, शिक्षकांच्या जागा भरलेल्या असल्या पाहिजेत, आणि सवलत घेणाऱ्या उद्योगाला तिची मुदत व अटी आधीच ठाऊक असल्या पाहिजेत. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला वालचंदांचे नाव आहे. तेथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांच्या पिढ्या हे त्यांचे पद्मिनीपेक्षा टिकाऊ स्मारक होय.

रावळगावच्या गोळ्यांची नावेही २०२४ मध्ये दुसऱ्या मोठ्या उद्योगाने विकत घेतली. कंपन्या बदलतात, मालक बदलतात. मागे उरते ती कामाची रीत. ज्या पांझरेच्या खोऱ्यात एका तरुण अभियंत्याने भर पावसाळ्यात नळ टाकून पाणी पलीकडे नेले, त्या खोऱ्यातील विद्यार्थ्यांना ती रीत शिकविणे अवघड वाटण्याचे कारण नाही.